‘रेव्होल्यूशनरी’: फिरून परत येण्यापासून परत न फिरण्यापर्यंत

माझी भाची नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. मध्यंतरी रात्री जेवता जेवता तिने विचारलं, “मावशी, पृथ्वी सूर्याभोवती फिरते ते रेव्होल्यूशन, आणि फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवलं तेही रेव्होल्यूशन. असं कसं? पृथ्वी तर दर वर्षी आपल्या जागी परत येते. राजा कुठे परत आला?”

मी भाषांतराची कामं करते. त्या दिवशी माझ्या टेबलावर एका मिक्सरच्या माहितीपत्रकाचा इंग्रजी मजकूर पडला होता आणि त्यात ‘रेव्होल्यूशनरी’ हा शब्द सात वेळा आला होता. पात्यासाठी, मोटरसाठी, झाकणासाठीसुद्धा. फोन, औषध, शिकवणी, विमा, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता, सगळ्यांच्या बातम्यांत हेच विशेषण असतं आणि आपण त्याखाली डोळे मिटून ‘क्रांतिकारी’ लिहून मोकळे होतो. भाचीचा प्रश्न ऐकला आणि वाटलं, हा शब्द एकदा नीट उलगडून बघायला हवा.

आकाशातला शब्द

लॅटिनमध्ये ‘व्हॉल्व्हेरे’ म्हणजे लोळवणं, फिरवणं. त्याच्या आधी ‘रि’ लागला की अर्थ होतो फिरून मागे येणं. भाषेचे अभ्यासक या धातूचं नातं संस्कृतमधल्या ‘वल्’ या धातूशी लावतात. म्हणजे आपलं वळणं, वळण, वलय हे सगळं त्याच गोतावळ्यातलं.

‘रेव्होल्यूशन’ इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून आला, तो मुख्यतः ग्रहताऱ्यांच्या फेऱ्यासाठी. १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला, त्याच्या लॅटिन नावात हा शब्द आहे: खगोलांच्या परिभ्रमणांविषयी. तिथे उलथापालथीचा वाससुद्धा नाही. फेरा, चक्र, नेमाने परत येणं, एवढंच. गंमत पुढे आहे. त्या ग्रंथाने पृथ्वीला विश्वाच्या मध्यातून उचलून सूर्याभोवती फिरायला लावलं, आणि काही शतकांनी लोक त्या घटनेलाच ‘कोपर्निकसची क्रांती’ म्हणू लागले. ग्रंथाच्या नावात जुना अर्थ आणि ग्रंथाच्या नशिबी नवा.

फिरण्याचा जुना अर्थ अजून आपल्या घरात आहे. पंख्याच्या खोक्यावर ‘आरपीएम’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘आर’ म्हणजे रेव्होल्यूशन्स, मिनिटाला किती फेरे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या रिव्हॉल्व्हरचं नाव फिरत्या नळकांड्यावरून पडलं. आणि बचत गटाच्या बायका ज्याला फिरता निधी म्हणतात तो इंग्रजी कागदावर ‘रिव्हॉल्व्हिंग फंड’ असतो. एका ताईने परत केलेले पैसे दुसरीकडे, तिच्याकडून तिसरीकडे, आणि फिरून गटात.

चाक उलटं कधी फिरलं

राजकारणात हा शब्द शिरला तोही ‘परत येणं’ हा अर्थ घेऊनच. इंग्लंडमध्ये १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, मग राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलची सत्ता आली, आणि १६६० मध्ये चार्ल्सचा मुलगा गादीवर बसला. आज आपण १६४९ च्या घटनेला क्रांती म्हणू. त्या काळातला तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज मात्र १६४० ते १६६० या सगळ्या वीस वर्षांना मिळून रेव्होल्यूशन म्हणतो आणि सांगतो की सत्तेचं चक्र पूर्ण गोल फिरलं: बापाकडून निघालं, बळकावणाऱ्यांच्या हातून गेलं आणि मुलाकडे आलं. १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सला घालवून विल्यम आणि मेरी यांना आणलं, त्याला ‘ग्लोरियस रेव्होल्यूशन’ म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती ‘रक्तहीन राज्यक्रांती’ असते. ती घडवणाऱ्यांचा दावा काय होता? आम्ही नवं काही करत नाही, राजाने मोडलेले जुने हक्क पुन्हा जागेवर बसवतो आहोत.

मग आलं १७८९. बॅस्टिलचा तुरुंग पडल्याची बातमी घेऊन लिआंकूरचा सरदार सोळाव्या लुईकडे गेला. राजाने विचारलं, “म्हणजे बंडच की.” सरदार म्हणाला, “नाही महाराज, ही रेव्होल्यूशन आहे.” हा किस्सा फार प्रसिद्ध आहे. हॅना आरेंट या विचारवंत बाईंनी त्याचा फार सुंदर अर्थ लावला आहे: बंड मोडता येतं, पण आकाशातल्या ताऱ्याचा फेरा कुठल्या राजाला थांबवता येतो? शब्दातली ‘परत येण्याची’ बाजू इथे गळून पडली आणि ‘थोपवता न येण्याची’ बाजू उरली.

‘रेव्होल्यूशनरी’ हे विशेषण याच सुमाराचं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. म्हणजे नाम चारशे वर्षं आकाशात फिरत होतं आणि विशेषण मात्र उलथापालथीच्या काळात जन्मलं. त्यामुळे पृथ्वीच्या फेऱ्याला कुणी ‘रेव्होल्यूशनरी’ म्हणत नाही.

आपला ‘क्रांती’ही आकाशातूनच उतरला

मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो इथे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. त्यातून क्रम, पराक्रम, आक्रमण, अतिक्रमण. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल टाकतो ती संक्रांत. आकाशात सूर्याचा जो वार्षिक मार्ग दिसतो त्याला आपल्या ज्योतिर्गणितात क्रांतिवृत्त म्हणतात. ते विषुववृत्ताशी साधारण साडेतेवीस अंशांचा कोन करतं, म्हणून तर ऋतू होतात. आणि एखादा तारा खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंशांवर आहे, त्या मापाचं नावच मुळी ‘क्रांती’ आहे.

म्हणजे पंचांगवाल्यांचा शब्द घेऊन पुढच्या पिढ्यांनी ‘फ्रेंच राज्यक्रांती’ घडवला. इंग्रजीत जे झालं तेच मराठीत झालं, फक्त एक फरक राहिला. तिकडच्या शब्दाच्या पोटात फिरणं आहे, आपल्या शब्दाच्या पोटात ओलांडणं. तीळगूळ घेताना आपण हा शब्द तोंडात घेतो आणि ९ ऑगस्टला क्रांतिदिन म्हणतानाही तोच घेतो.

जोडशब्दसुद्धा जुळे आहेत. ‘इव्होल्यूशन’ म्हणजे गुंडाळी हळूहळू उलगडणं, तोच ‘व्हॉल्व्हेरे’ धातू. आपण त्याला ‘उत्क्रांती’ म्हणतो, तोच ‘क्रम्’.

विशेषण एक, अर्थ दोन

भाषांतरात गडबड होते ती इथे. ‘रेव्होल्यूशनरी’चा पहिला अर्थ ‘क्रांतीचा, क्रांतीशी संबंधित’, आणि दुसरा ‘क्रांती घडवून आणणारा’. इराणच्या बातम्यांत ‘रेव्होल्यूशनरी गार्ड’ येतं. १९७९ च्या क्रांतीनंतर त्या क्रांतीचं रक्षण करण्यासाठी उभं केलेलं ते दल, म्हणून मराठीत ‘क्रांतिरक्षक’ बरोबर. ‘क्रांतिकारी पहारेकरी’ लिहिलं तर पहारा देण्याची काही नवी तऱ्हा निघाली असं वाटेल. अमेरिकेचं ‘रेव्होल्यूशनरी वॉर’ म्हणजे त्यांचं स्वातंत्र्ययुद्ध. फ्रान्समध्ये १७९३ मध्ये ‘रेव्होल्यूशनरी ट्रायब्युनल’ नेमलं गेलं आणि त्याने माणसांना गिलोटिनकडे, म्हणजे डोकं उडवणाऱ्या यंत्राकडे, धाडलं. ते ‘क्रांती न्यायाधिकरण’. तिथे कौतुकाचा लवलेश नाही.

माणसासाठी मराठीत आपला जुना शब्द आहे ‘क्रांतिकारक’: आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. ‘क्रांतिकारी’ माणसासाठी वापरतात ते हिंदीत. मराठीत तो विशेषण म्हणून ठेवलेला बरा, असं माझं मत.

मग कशाला म्हणायचं रेव्होल्यूशनरी?

माझी कसोटी साधी आहे. बदलानंतर जुनं माप चालतं का, हे बघायचं. जुन्या मापाने नव्या गोष्टीला ‘जास्त चांगली’ म्हणता आलं तर ती सुधारणा. जुनं मापच निकामी झालं तर ती क्रांती.

कापसाचं उदाहरण घ्या. वस्त्रोद्योगाच्या इतिहासकारांनी मांडलेला एक हिशोब आहे. भारतातल्या हातकताईने शंभर पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो, कापसाचं सूत काढायला सुमारे ५०,००० तास लागत. इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमाराला क्रॉम्प्टनच्या ‘म्यूल’ यंत्रावर तेच काम २,००० तासांत होऊ लागलं. १७९५ च्या आसपास ३०० तास. १८२५ पर्यंत १३५. पन्नास हजारांवरून चाळीस हजारांवर आलं असतं तर कुशल हाताला अजून किंमत राहिली असती. १३५ वर आल्यावर ‘कुणाचा हात किती भरभर चालतो’ हा प्रश्नच संपला. मोजायची गोष्ट हात राहिली नाही, यंत्र किती आणि कोळसा किती ही झाली. इथल्या घरोघरच्या चरख्यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत ताडदेवला गिरणी काढली आणि कोकणातली, घाटावरची माणसं भोंग्यावर उठू लागली. वेळ सूर्यावर बघायची सोडून भोंग्यावर बघणं, हाही मापातलाच बदल.

शेतात बघा. जुना उंच गहू जास्त खत दिलं की ओंबीच्या भाराने आडवा पडायचा. म्हणून खत जपून, हे शहाणपण होतं. बुटक्या मेक्सिकन वाणाने ते शहाणपणच उलटं केलं: दांडा आखूड, गहू लोळत नाही, खत द्या, पाणी द्या. भारताने १९६६ मध्ये १८,००० टन बियाणं आणलं, आणि १९६८ मध्ये टपाल खात्याने ‘व्हीट रेव्होल्यूशन’ असं छापलेलं तिकीट काढलं. त्याच वर्षी ८ मार्चला वॉशिंग्टनमध्ये विल्यम गॉड या अमेरिकी अधिकाऱ्याने याला नाव दिलं: सोव्हिएतांसारखी हिंसक लाल नव्हे, इराणच्या शहाने वरून राबवलेल्या सुधारणांसारखी पांढरीही नव्हे, ही ‘ग्रीन रेव्होल्यूशन’. आपली हरितक्रांती.

या कसोटीवर मिक्सरची मोटर पाचशे वॉटची साडेसातशे झाली तर ती सुधारणा. पाटा-वरवंटा जाऊन पहिल्यांदा मिक्सर आला तेव्हा मात्र वाटणाला किती वेळ लागेल आणि ते कुणी करायचं, हा घरातला हिशोबच बदलला. मोबाइलवरून पैसे देण्याचं म्हणाल तर मी ते क्रांतीतच धरते. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्याआधी भाजीवालीशी निम्मं बोलणं सुट्ट्यांचं असायचं, “दोन रुपये राहू द्या, उद्या देते,” आणि दुकानात सुट्ट्यांऐवजी गोळी हातावर ठेवत. आता भाजीवाली आवाज देणाऱ्या डब्याकडे कान लावते, आणि ‘सुट्टे आहेत का’ हा प्रश्न माझ्या भाचीच्या बोलण्यात येतच नाही.

क्रांती एका रात्रीत व्हायला हवी ना?

नाही. औद्योगिक क्रांतीला पाऊणशे-शंभर वर्षं लागली, आणि ती जगणाऱ्यांना ती क्रांती आहे हे नेमकं कळतही नव्हतं. ‘इंडस्ट्रियल रेव्होल्यूशन’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला तो अर्नोल्ड टॉयन्बी यांच्या व्याख्यानांमुळे, आणि ती छापली गेली १८८४ मध्ये. सगळं होऊन गेल्यावर! म्हणून आज बाजारात आलेल्या वस्तूला आजच ‘रेव्होल्यूशनरी’ म्हणणं ही फार तर आशा असते. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही मी ‘क्रांती घडवू शकेल’ असंच लिहिते. माझ्या स्वतःच्या धंद्याचं माप ती बदलते आहे हे मला रोज दिसतं. शब्दाला किती पैसे, हा आमचा जुना दर आता डळमळतो आहे. पण ते पूर्ण झालं असं म्हणायला मी धजावत नाही.

रक्त सांडल्याशिवाय क्रांती कसली?

हा आक्षेप आपल्या मनात खोल बसला आहे, कारण ‘क्रांतिकारक’ म्हटलं की आपल्याला फास आणि पिस्तूल आठवतं. पण शस्त्र हाती घेणं हे क्रांतीचं माप नव्हे. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचं प्रतिसरकार होतं. त्याच्या शिक्षांच्या कथा सगळे सांगतात. मला त्याहून क्रांतिकारी वाटतं ते गावात बसून केलेलं न्यायदान. बांधाचं भांडण, सावकाराचा तगादा, नवऱ्याने टाकलेली बाई, हे तंटे घेऊन माणसं इंग्रज सरकारच्या कचेरीत जाईनाशी झाली. न्याय कुणाकडे मागायचा, याचं उत्तर बदललं.

क्रांतिकारी म्हणजे चांगलंच ना?

जाहिरातींनी हा गैरसमज घट्ट केला आहे. हे विशेषण बदलाचा आकार सांगतं, त्याची भलाई नाही. हरितक्रांतीने पोटं भरली आणि पंजाबात भूजल खोल नेलं. दोन्ही खरं आहे. आपल्याकडे वसंतराव नाईकांच्या काळात हायब्रीड ज्वारी शिवारभर पसरली. धान्य वाढलं, दुष्काळात त्याच भाकरीने जगवलं. पण धाट बुटकं, म्हणून कडबा कमी. गुरांच्या पुढ्यात काय टाकायचं? आणि चवीला ती भाकरी शाळूची सर कधी गाठू शकली नाही, हे आमची आजी शेवटपर्यंत बोलून दाखवायची. ‘क्रांतिकारी वाण’ म्हटल्यावर यातलं एकही वाक्य खोटं ठरत नाही.

भाषा बदलतेच, मग हट्ट कशाला?

खरं आहे. ज्या शब्दाचा अर्थ ‘परत येणं’चा ‘परत न येणं’ झाला, त्याने आता जागेवर बसावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण बदल आणि झीज यांत फरक आहे. अर्थ बदलला तेव्हा शब्दाला नवं काम मिळालं. अर्थ झिजतो तेव्हा कामच जातं. झाकणही ‘रेव्होल्यूशनरी’ आणि लसही ‘रेव्होल्यूशनरी’, मग लसीबद्दल बोलताना आपल्या हातात काय उरलं? बाकीच्या कामांना वेगळे शब्द आहेत की. मुळाला हात घालणारा विचार ‘रॅडिकल’, आपला ‘मूलगामी’. लॅटिनमध्ये ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळच. नवी कल्पना ‘नावीन्यपूर्ण’. आणि हल्ली जोरात असलेला ‘डिसरप्टिव्ह’ हा क्लेटन ख्रिस्टेन्सेन या अमेरिकी प्राध्यापकाने नव्वदच्या दशकात नेमक्या अर्थाने रुळवला: मोठ्या कंपन्यांना क्षुल्लक वाटणारी स्वस्त वस्तू तळातल्या गिऱ्हाइकापासून सुरू होते आणि हळूहळू त्यांनाच बाजारातून उठवते.

आणि राजा परत आला तर?

भाचीच्या प्रश्नाकडे येते. तिला मी सांगितलं, अगं, राजा परत आला होता. सोळाव्या लुईला १७९३ च्या जानेवारीत मारलं, आणि १८१४ मध्ये त्याचा भाऊ अठरावा लुई म्हणून गादीवर बसला. चाक फिरून जागेवर आलं, असं हॉब्ज नक्की म्हणाला असता. पण बसताना त्या राजाला सनद द्यावी लागली, आणि क्रांतीत जप्त होऊन विकल्या गेलेल्या जमिनी नव्या मालकांकडेच राहतील हे त्यात मान्य करावं लागलं. माणूस परत आला, हिशोब आला नाही.

त्याच क्रांतीने दोन नवी मापं काढली होती. एक दहा दिवसांच्या आठवड्याची दिनदर्शिका. नेपोलियनने ती १८०६ च्या पहिल्या जानेवारीपासून बंद केली, लोक सात दिवसांवर परतले. दुसरं माप १७९५ चं मीटर आणि ग्रॅम. ते राहिलं, पसरलं, आणि भारतात १९५६ च्या कायद्याने शेर-मणाच्या जागी आलं. “मग आपला तोळा?” भाचीने लगेच विचारलं, कारण तिच्या आईने नुकतीच दोन तोळ्यांची साखळी केली होती. जुना तोळा भरायचा ११.६६ ग्रॅम. आज सराफ तोळा म्हणतो आणि दहा ग्रॅम तोलतो. शब्द जागेवर आहे, आतलं वजन फ्रान्सहून आलं आहे. तिने आईच्या गळ्यातली साखळी हातात घेऊन जरा तोलून पाहिली.

मिक्सरच्या पत्रकात सातांपैकी एकाही ठिकाणी मी ‘क्रांतिकारी’ लिहिलं नाही. पात्याला ‘नव्या आकाराचं’, मोटरला ‘जास्त ताकदीची’, झाकणाला ‘घट्ट बसणारं’. ज्यांनी काम दिलं होतं त्यांचा फोन आला, शब्द गाळला का म्हणून. मी म्हटलं, गाळला नाही, प्रत्येक ठिकाणी तो काय सांगत होता ते लिहिलं. त्यांनी थोडा वेळ मजकूर वाचला आणि एवढंच विचारलं, “झाकण खरंच घट्ट बसतं ना, हे एकदा कारखान्यात विचारून घेतो.”